चांदणी म्हणजे चांदणीच

माझ्या बापाचं काम टिचकी मारायचं होतं. थट्टा करत नाही. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात निवड विभाग होता, तिथल्या लांब टेबलाच्या टोकाला बाबा बसायचे. समोरून बाटल्या सरकत यायच्या आणि बाबा प्रत्येकीच्या पोटावर नखाने टिचकी मारायचे. खणखणीत वाजली की पुढे, बद्द वाजली की खाली टोपलीत. डोळ्यांना न दिसणारी चीर त्यांच्या कानाला दिसायची. घरात नवा पेला आणला तरी आधी टिचकी, मग पाणी. कारखान्यात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. 'टिचकी' म्हटलं की ते मान वर करायचे.

हे काम शांत खोलीतलं. मग कारखान्यात नवी मशीनं आली आणि कुणा शहाण्याच्या डोक्यात आलं की बाटल्या यंत्रशाळेतून निवडीच्या खोलीत वाहून न्यायला फार वेळ जातो. मधली भिंत पाडली. काही टेबलं उचलून थेट मशीनांच्या शेजारी नेऊन ठेवली, उरलेली मागच्या शेडमध्ये होती तशीच राहिली. बाबांचं टेबल आत गेलं. शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानात तोंड घालावं लागे, अशा धडधडाटात हा माणूस दहा वर्षं टिचक्या ऐकत बसला. आधी बाटली कानाजवळ धरून, नंतर कानाला टेकवून. मग बद्द बाटल्याही पुढे जायला लागल्या. मुकादमाने एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "टिचकीराव, आज कान घरी ठेवून आलात का?" लोक हसले. बाबाही हसले. त्यांना काय विचारलं ते ऐकूच आलं नव्हतं.

दहा वर्षांनी कारखाना बंद पडला. कानांनी आधीच राजीनामा दिला होता.

बहिऱ्या माणसाच्या घरात काय होतं ते सांगते. सगळे ओरडायला लागतात, आणि मग सगळे गप्प होतात. मी ओरडणाऱ्यांतली. इतकी वर्षं बाबांशी ओरडून बोलत आले की आता मला हळू बोलताच येत नाही. ऑफिसात मला 'भोंगा' म्हणतात, माझ्या तोंडावर. आई गप्प होणाऱ्यांतली. ती आधी बाबांशी रोज भांडायची, व्यवस्थित, मुद्दे मांडून. पण भांडायला समोरच्याचे कान लागतात. "चहात साखर जास्त झाली असं तुम्ही मागच्या आठवड्यात म्हणालात ते मला अजून लागलंय" हे वाक्य ओरडून सांगता येत नाही, त्यातला सगळा जीव जातो. तेव्हा तिने भांडण सोडलं आणि बाबांच्या पाठीमागे पुटपुटायला सुरुवात केली. सहा वर्षं मनसोक्त पुटपुटली. बाबा खिडकीशी बसून राहायचे. पेले हातात घ्यायचे, टिचकी मारायचे, कानाला लावायचे, खाली ठेवायचे.

आता माझं. नववीत शाळा सुटली. कॉम्प्युटर शिकले तो मैत्रिणीच्या झेरॉक्सच्या दुकानात, गिऱ्हाईक नसताना, बटणं दाबून. पुढे कानाच्या रुग्णालयात नोंदणीच्या खोलीत कंत्राटावर लागले. माझ्या शेजारच्या टेबलावर जी बसते तिला आम्ही गोगलगाय म्हणतो. ती टाइप करताना एक बोट उचलते, विचार करते, मग खाली ठेवते. पण चूक करत नाही. निदान तसं ती म्हणते.

कारखान्याच्या कामगारांच्या समितीने सात वर्षं भांडून एक करार करून घेतला होता. यंत्रशाळेत ठरावीक वर्षं काढून ज्यांचे कान गेले त्यांना दोन्ही कानांची यंत्रं मिळणार, आणि ती बिघडली तर आयुष्यभर दुरुस्ती, आमच्या रुग्णालयात. आधी यादीत नाव, मग तपासणी, मग यंत्र. यादी कुठून करायची? कारखान्यातल्या दवाखान्याच्या जुन्या नोंदवह्यांवरून. त्या वह्या आम्ही चौघींनी चार महिने बसून टाइप केल्या. सहा हजार दोनशे अठरा ओळी. नाव, विभाग, त्या जागी किती वर्षं.

यादी शुक्रवारी पाच वाजता बंद होणार होती. मंगळवारी सकाळी ती भिंतीवर लागली. सहाशे बारा नावं. मी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. बाबांचं नाव नव्हतं. निवड विभागातलं एकही नाव नव्हतं. तळाशी टीप होती: 'निवड विभागातील सर्व ४१२ नोंदींपुढे चांदणी आढळते. सबब चांदणी ग्राह्य धरता येत नाही.'

चांदणीचं प्रकरण असं. निवड विभागातले जे लोक खरं म्हणजे यंत्रशाळेत बसत होते, त्यांच्या विभागापुढे दवाखान्यातल्या सिस्टरने वहीत पेनाने चांदणी काढली होती. तीन रेघा एकमेकींवर, सहा टोकं. करारात स्पष्ट लिहिलं होतं की ज्यांच्यापुढे चांदणी, त्यांना यंत्रशाळेतलेच कामगार समजावं. आम्ही टाइप करताना वहीत होतं तसंच केलं. आकड्यांच्या ओळीत आठच्या डोक्यावर चांदणीचं चिन्ह असतं, ते दाबलं. शेडमध्ये बसणाऱ्यांपुढे 'निवड'. मशीनांशेजारी बसणाऱ्यांपुढे 'निवड*'.

मी सरळ यादीवाल्या साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, सगळ्यांपुढे चांदणी नाहीये."

"भोंगा, दार लाव आधी. सगळं रुग्णालय जमेल." साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "हे बघ. वरच्या पट्टीत अट लिहिली. निवड, पुढे चांदणी. चारशे बारा ओळी आल्या. मी काय मनाने लिहिलंय?"

"त्या ओळी तुम्ही वाचल्यात का?"

"चारशे बारा ओळी वाचत बसू? मग मशीन कशाला घेतलंय?"

मी बोट ठेवलं. "ही ओळ बघा. नुसतं निवड. ही बघा, नुसतं निवड. चांदणी कुठे आहे?"

साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला. "मग मशीनने दाखवली कशाला?"

ते मला माहीत होतं. झेरॉक्सच्या दुकानातच ठेच लागून शिकले होते. त्या पट्टीत चांदणी लिहिली की मशीन तिला चांदणी समजत नाही. 'इथे काहीही चालेल' असं समजतं. काही असलं तरी चालेल, नसलं तरी चालेल. साहेबांनी विचारलं, चांदणीवाले कोण. मशीनने ऐकलं, 'निवड' आणि पुढे वाटेल ते. सगळे आले. साहेबांनी म्हटलं, बघा, सगळेच चांदणीवाले, म्हणजे चांदणीला अर्थ नाही. आणि सबब लिहून माझ्या बापाचे कान बंद केले.

"मी हाताने वेचून देते साहेब. अर्ध्या तासाचं काम."

"हाताने?" साहेब मागे टेकले. "तुझे वडील निवड विभागात होते ना?"

"होते."

"म्हणजे तू हाताने यादी करणार आणि तिच्यात तुझे वडील असणार. उद्या कुणी विचारलं तर मी काय सांगू? फिल्टर लावून जे समोर येईल तेच यादीत. ज्याला शंका असेल त्याने स्वतः अट लिहावी, तीच यादी यायला हवी. माणसाच्या हाताला नातेवाईक असतात, पोरी."

मला राग आला, आणि जास्त राग याचा आला की त्यांचं ते म्हणणं बरोबर होतं.

"हो, बाप आहे म्हणूनच आले," मी म्हटलं. "माझा बाप नसता तर तुमच्या यादीकडे कुणी ढुंकून तरी पाहिलं असतं का? आणि ज्यांच्या मुली इथे कामाला नाहीत, त्यांनी काय करायचं?"

"शुक्रवारपर्यंत अट आण," साहेब म्हणाले. "दार लावून जा."

मंगळवारी दुपारी मी पहिला शहाणपणा केला. म्हटलं, चांदणीच नको. विभागाच्या रकान्यात चांदणी असेल तिथे 'चांदणी' हा शब्द घालू, मग शब्द शोधता येईल. शोधा: चांदणी. तिथे घाला: 'चांदणी'. सगळीकडे बदला. दाबलं.

सहा हजार दोनशे अठरा ओळींत, यंत्रशाळा, भट्टी, बांधणी, गोदाम, सगळं गेलं आणि वरपासून खालपर्यंत एकच शब्द उभा राहिला. चांदणी, चांदणी, चांदणी. चार महिन्यांचं काम. अख्ख्या कारखान्याचं आभाळ करून टाकलं मी.

"अगं बाई," गोगलगाय म्हणाली.

माझं बोट अजून बटणावरच होतं. तिने पहिल्यांदाच काही वेगाने केलं. माझा हात बाजूला सारून 'मागे घ्या' दाबलं. रकाना परत आला. आम्ही दोघी काही वेळ नुसत्या त्याच्याकडे बघत राहिलो, हरवलेलं पोर सापडल्यावर बघतात तसं. मग मी त्या फाइलची प्रत काढली आणि ठरवलं की यापुढे सगळं प्रतीवर.

दुसरा शहाणपणा प्रश्नचिन्हाचा. मशीनला प्रश्नचिन्ह म्हणजे 'इथे कुठलंही एक अक्षर'. एकच, कमी नाही जास्त नाही. मात्र आपलं अक्षर आणि मशीनचं अक्षर यांत फरक आहे. आपल्याला 'नि' हे एक अक्षर, त्याला दोन: न वेगळा, वेलांटी वेगळी. त्याच्या लेखी 'निवड' चार अक्षरांचा शब्द आहे. आपल्या लिपीत काम करणाऱ्यांनाच हा डोकेदुखीचा मान मिळतो. पण इथे त्याची अडचण नव्हती. 'निवड' आणि पुढे एक प्रश्नचिन्ह, म्हणजे निवडनंतर बरोबर एक चिन्ह असलेले. नुसते 'निवड'वाले गळणार, चांदणीवाले उरणार. मी टाळीच वाजवली.

एकशे नव्वद ओळी.

मी वाचल्या. अर्ध्याहून जास्त ओळींत चांदणी नव्हतीच. मग पुढे ते एक चिन्ह कुठलं? मी कर्सर शब्दाच्या शेवटी नेला, तो एक घर पुढे जाऊन उभा राहिला. रिकामी जागा. टाइप करताना कुणीतरी शब्दानंतर सवयीने जागा सोडली होती, आणि मशीनला रिकामी जागा हेही एक अक्षरच.

मी गोगलगायीकडे बघितलं.

"मी शेवटी शब्द असला की स्पेस देते, चिन्ह असलं की नाही," ती म्हणाली. "नीटनेटकं दिसतं."

"न दिसणाऱ्या गोष्टीने नीटनेटकं दिसतं?"

"ओरडू नकोस."

"मी ओरडत नाहीये! माझा आवाजच असा आहे!"

त्या जागा पुसून काढता आल्या असत्या. पण ती नोंदींना हात लावण्याची गोष्ट, आणि हाताबद्दल साहेब काय म्हणाले होते ते मला पाठ होतं.

बुधवारी अर्धी रजा टाकून मी सिस्टरकडे गेले. म्हटलं, अट राहू दे, निदान चांदणीचा अर्थ तिच्या तोंडून लिहून आणावा. तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहते, एकटी. गेले तेव्हा शेजाऱ्यांच्या गोळ्या वारांप्रमाणे डब्यांत भरत बसली होती.

"टिचकीची मुलगी ना तू? बस. आणि हळू बोल, माझे कान शाबूत आहेत. मी दवाखान्याचं दार कायम लावून बसायचे, म्हणून."

मी चांदणीबद्दल विचारलं.

"मॅनेजरने सांगितलं होतं, निवडवाल्यांपुढे यंत्रशाळा लिहायचं नाही. कागदावर ते शांत खोलीत बसतात, तर कागदावर तेच राहिलं पाहिजे. मी म्हटलं, बरं. लिहायला बंदी आहे, चित्र काढायला नाही. प्रत्येकाच्या कानात बघितलं की एक चांदणी. त्याने विचारलं, हे काय? मी म्हटलं, पेन चालतंय का बघत होते." ती हसली. "सहा वर्षं माझं पेन बिघडलेलं होतं."

आणि आता तिच्या चांदणीचं काय झालं ते मी सांगितलं. मशीन चांदणीला 'काहीही चालेल' समजतं म्हणून. तिचा हात डब्यावर थांबला.

"काहीही चालेल?" ती म्हणाली. "मी एकेक माणूस बघून काढलीय ती. काहीही कसं चालेल?" मग डब्याचं झाकण लावून म्हणाली, "आमच्याकडे एका कपाटात पोटात घ्यायचं औषध आणि वरून लावायचं औषध शेजारी शेजारी असायचं. रंग तोच, बाटली तीच, तुझ्या बापानेच टिचकी मारलेली. मग आम्ही काय करायचो? चिठ्ठी लावायचो. 'पोटात घेऊ नये.' तुझ्या मशीनला चिठ्ठी लावता येत नाही का? की बाबा रे, ही चांदणी नेहमीसारखी घेऊ नको, ही नुसती चांदणीच आहे?"

मी उठलेच. चहा तसाच राहिला. जिन्यावरून तिचा आवाज आला, "अगं, चपला तरी घाल नीट!"

इतक्या वर्षांत मी त्या प्रोग्राममधलं 'मदत' हे बटण कधी दाबलं नव्हतं. आपल्या आपण शिकलेल्या माणसाला मदत मागायची सवय नसते. खोड म्हणा. गुरुवारी दाबलं. पानंच्या पानं होती, सरकारी मराठीत. मी वाचताना चिडते, म्हणून गोगलगाय वाचत होती, तिच्या वेगाने, एकेक शब्द उचलून खाली ठेवत. जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी ती एका ओळीवर थांबली.

"'विशेष चिन्ह त्याच्या मूळ रूपात शोधावयाचे असल्यास त्यापूर्वी ~ हे चिन्ह द्यावे.' हे कुठलं चिन्ह गं? मिशीसारखं?"

मी कीबोर्ड उचलून तोंडाजवळ धरला. अगदी डावीकडे, वरच्या कोपऱ्यात, एकच्या शेजारी. त्या बटणावरची छपाई नवी कोरी होती. बाकीची बटणं आमच्या बोटांनी पांढरी पडली होती, याला कुणी स्पर्शच केला नव्हता. नागमोडी रेघ. सिस्टरची चिठ्ठी.

निवड. नागमोडी. चांदणी.

एकसष्ट ओळी.

एकेक वाचली. एकसष्टच्या एकसष्ट ओळींत चांदणी. रिकाम्या जागावाले गळाले, नुसते 'निवड'वाले गळाले. अडतिसाव्या ओळीत बाबा होते. नाव, निवड*, वर्षं १०. मी गोगलगायीच्या पाठीत इतक्या जोरात थाप मारली की तिने दिवसभर त्याबद्दल ऐकवलं.

शुक्रवारी अकरा वाजता डॉक्टरबाईंच्या खोलीत बैठक होती. डॉक्टरबाई म्हणजे रुग्णालयाच्या प्रमुख, कमी बोलतात आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात. साहेब होते, समितीचा एक म्हातारा कामगार होता, गळ्यात करार अडकवल्यासारखा कागद छातीशी धरून. भिंतीवर मोठी स्क्रीन. मी साहेबांची अट लिहिली: चारशे बारा. मग नागमोडी घातली: एकसष्ट. डॉक्टरबाईंनी स्वतः चार ओळी वाचल्या.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

साहेब म्हणाले, "बरोबर. मानलं. आता दुसरी अट लावा. वर्षं, दहाच्या वर."

मी वर्षांच्या रकान्यात मोठेपणाचं चिन्ह लिहिलं, उघड्या तोंडाचं, पुढे दहा. दाबलं.

स्क्रीन कोरी झाली. एकही ओळ नाही. वरती रकान्यांची नावं आणि खाली पांढरं.

साहेबांचा चेहरा वाईट माणसाचा नव्हता, मी खोटं सांगणार नाही. त्यांनी खरंच हळू आवाजात म्हटलं, "मी तरी काय करू? नियमात बसत नाहीत."

माझ्या डोक्यात तेव्हा मुकादम होता. कान घरी ठेवून आलात का. मग डोक्यात दुसरंच आलं. भिंत कधी पाडली? नवी मशीनं आली तेव्हा. कारखाना कधी बंद पडला? त्यानंतर दहा वर्षांनी. म्हणजे चांदणीवाल्या कुणाचीही वर्षं दहाच्या वर असूच शकत नाहीत. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत जो बसला, त्याची दहा. बरोबर दहा.

"करारात काय लिहिलंय?" मी विचारलं.

"दहाच्या वर," साहेब म्हणाले.

"लिहिलंय काय ते विचारतेय. आपण बोलतो काय ते नाही."

म्हाताऱ्या कामगाराने मान तिरकी केली. त्याला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. मी माझ्या भोंग्याने विचारलं, "काका! कलम तीन! वाचा!" शेजारच्या खोलीतून कुणीतरी दार उघडून बघितलं.

काकांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि बहिरी माणसं वाचतात तसं खणखणीत वाचलं, "'दहा वर्षे व त्याहून अधिक काळ.'"

"व," मी म्हटलं. "दहा वर्षे, व, त्याहून अधिक. साहेब, बोलताना आपण 'दहाच्या वरचे या' म्हणतो आणि मनात दहावाल्यालाही धरतो. मशीन मनात काही धरत नाही. तुम्ही त्याला नुसतं मोठेपणाचं चिन्ह दिलंत, त्याने दहावाल्याला दारातून हाकललं. त्या 'व'साठी पुढे बरोबरचं चिन्ह लागतं. दोन आडव्या रेघा. तेवढ्या दोन रेघा तुम्ही खाल्ल्यात."

"खाल्ल्यात काय, जरा नीट बोल," साहेब म्हणाले, पण त्यात जोर नव्हता.

"लिही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी मोठेपणाच्या चिन्हापुढे बरोबरचं चिन्ह लिहिलं आणि पुढे दहा. दाबलं.

सत्तेचाळीस ओळी. बाबा एकोणतिसावे.

"आता हीच अट यंत्रशाळेला लावा," डॉक्टरबाई म्हणाल्या. साहेबांनीच उठून लावली. त्यांच्या सहाशे बाराचे आठशे पंचेचाळीस झाले. दोनशे तेहेतीस माणसं त्या दोन रेघांच्या पलीकडे चार दिवस उभी होती आणि त्यांतल्या एकालाही ते माहीत नव्हतं. त्यांना पत्रं गेली तेव्हा काही परत आली. माणूसच राहिला नव्हता. त्यांच्यासाठी माझ्याकडे कुठलंही चिन्ह नाही.

साहेबांनी नवी यादी पावणेपाचला पाठवली. मी पाण्याच्या बाटलीत पाणी भरत होते तेव्हा ते मागे येऊन उभे राहिले. "ती नागमोडी," ते म्हणाले, "नक्की कुठलं बटण?" मी सांगितलं. त्यांनी तळहातावर लिहून घेतलं. नंतर भिंतीवरच्या यादीतली ती 'सबब'वाली टीपही त्यांनी स्वतःच फाडली. मी बघितलं. त्यांना वाटतं मी बघितलं नाही.

तपासणी, माप, साचा, या सगळ्यात पाच महिने गेले. यंत्रं बसवायच्या दिवशी बाबा खुर्चीत ताठ बसले होते. तंत्रज्ञ मुलीने एक बटण फिरवलं आणि बाबांनी दोन्ही हातांनी कान झाकले. पंखा, खुर्ची, बाहेरचा रस्ता, सगळं एकदम अंगावर आलं त्यांच्या. "सवय होईल," ती म्हणाली. "सगळं पहिल्यासारखं नाही होणार हं, काका. पण होईल बरंच." मी म्हटलं, "बाबा! ऐकू येतंय का?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी त्यांना चिमटा काढला.

"ओरडतेस कशाला?" ते म्हणाले.

मी तोंड उघडलं आणि मला हळू बोलायचं कसं तेच आठवेना. गळ्यात आवाजाची खालची पायरीच सापडेना. शेवटी काहीतरी घोगरं निघालं. बाबा हसले. मग टेबलावरचा पाण्याचा पेला त्यांनी उचलला आणि नखाने टिचकी मारली. पुन्हा मारली. पेला कानाला न लावता.

"बद्द आहे," ते तंत्रज्ञ मुलीला म्हणाले. "बुडाशी चीर गेलीय. पाहुण्यांना देऊ नका."

तिने उजेडाला धरून बघितलं. तिला काही दिसलं नाही. पण पेला तिने बाजूला ठेवला.

घरी पोहोचलो तेव्हा आई ओट्याकडे तोंड करून उभी होती. वळली नाही. सहा वर्षांच्या सवयीने भांड्यांशी पुटपुटली, "आले राजे. दोन तास सांगून पाच तास लावले, भाजी दोनदा गरम केली, पण इथे पर्वा कुणाला आहे."

"रांग होती," बाबा म्हणाले. "आणि दोनदा नाही, एकदाच केली असशील. तुला वाढवून सांगायची खोड आहे."

आईच्या हातातला चमचा थांबला. ती हळूच वळली. आधी बाबांच्या कानांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत कानांकडे. सहा वर्षांत काय काय बोलून झालं होतं याचा हिशोब तिच्या चेहऱ्यावर सरसर फिरताना मला दिसला. मग तिने चमचा खाली ठेवला, पदर कमरेला खोचला आणि समोर खुर्ची ओढून बसली.

"बरं झालं ऐकू आलं ते," ती म्हणाली, साध्या आवाजात. "आता ऐका. तो साखरेचा विषय अजून संपलेला नाही."